खाली सही कोणाची?

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत ‘लीव्ह ग्रँटेड’ हे दोन शब्द सतत येतात. अपील चालवायला परवानगी दिली, एवढाच त्यांचा अर्थ. २०१९मध्ये न्यायालयाने ‘सुवास’ ही भाषांतर-प्रणाली आणली आणि निकाल मराठीसह अनेक भारतीय भाषांत येऊ लागले. पुढे यंत्राच्या मर्यादांबद्दल बोलताना न्यायमूर्तींनीच जाहीरपणे एक नमुना सांगितला. या दोन शब्दांचं यंत्राने केलेलं हिंदी होतं ‘अवकाश प्राप्त हुआ’. सुट्टी मिळाली! किस्सा हसण्याजोगा आहे, पण हसून झाल्यावर ते वाक्य पुन्हा वाचावं. ते व्याकरणाने शुद्ध आहे, अडखळत नाही, संशय यावा असं त्यात काही नाही. नुसतं उत्तम हिंदी येणारा माणूस त्यावरून सहज पुढे जाईल. कोर्टाची भाषा कानांवरून गेलेला माणूस मात्र तिथेच थांबेल. यंत्राच्या चुका आता अशाच असतात, नीटनेटक्या पोशाखातल्या. त्या ओळखायला भाषेपेक्षा विषय यावा लागतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जोडीने काम करायचं तर आपलं करिअर कसं वळवायचं, यावर नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून सल्ल्यांचा पूर आला आहे. बहुतेक सल्ल्यांचा सूर एकच: साधन शिकून घ्या, प्रॉम्प्ट लिहिण्याचा कोर्स करा, मागे पडू नका. हा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. जे साधन साध्या बोलीत सांगितलेलं समजावं म्हणूनच घडवलं आहे, ते चालवण्याचं कसब फार दिवस दुर्मीळ राहणार नाही, आणि जे सगळ्यांनाच येतं त्याचे वेगळे पैसे कोणी मोजत नाही. गेल्या काही वर्षांतले अभ्यास आणि त्याआधीचा यांत्रिकीकरणाचा अनुभव शेजारी शेजारी ठेवला, तर मला वेगळंच काही दिसतं. बुद्धीची म्हणवली जाणारी कामं मधोमध फुटताहेत. एक भाग आहे मजकूर, हिशेब, कोड किंवा अहवाल तयार करण्याचा. दुसरा आहे तो तपासून, बरोबर आहे असं म्हणून त्याखाली सही करण्याचा. पहिला भाग झपाट्याने स्वस्त होतो आहे. ज्याला टिकायचं आहे त्याने दुसऱ्याकडे सरकावं, हे ओघानेच आलं. अडचण एवढीच की दुसऱ्याची अक्कल आजवर पहिला भाग वर्षानुवर्षं करूनच येत असे.

आधी मोजमापं पाहू. अर्थतज्ज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच हजारांहून अधिक ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांच्या कामाची पाहणी २०२३मध्ये प्रसिद्ध केली. एआयच्या मदतीने तासाला निकाली निघणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या होत्या. नवख्यांमध्ये ही वाढ ३४ टक्के होती, मुरलेल्यांमध्ये जवळजवळ काहीच नाही. कारण सरळ आहे. यंत्र मुरलेल्यांच्या संभाषणांवर तयार झालं होतं आणि त्यांचंच शहाणपण नवख्यांच्या कानात सांगत होतं. त्याच वर्षी हार्वर्डच्या संशोधकांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांवर प्रयोग केला. यंत्राच्या आवाक्यातली कामं २५ टक्के लवकर झाली आणि त्यांचा दर्जाही चांगलाच वाढला. पण एक काम संशोधकांनी मुद्दाम त्या आवाक्याबाहेरचं निवडलं होतं. त्यात एआय वापरणाऱ्यांचं उत्तर बरोबर येण्याचं प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा १९ टक्के-बिंदूंनी खाली आलं. यंत्र नसतं तर ज्यांनी स्वतः विचार करून वाट काढली असती, त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते सुबक उत्तर पुढे सरकवलं. आवाक्याची हद्द कुठे संपते याची पाटी कुठेही लावलेली नसते, हे त्या प्रयोगाचं खरं म्हणणं.

एआय-प्रणालींची चाचणी घेणाऱ्या ‘मेटर’ या संस्थेने २०२५मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्या स्वतःच्या, वर्षानुवर्षं हाताळलेल्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली. काही कामांत एआयला मुभा होती, काहींत नव्हती. मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. सोळा ही संख्या लहान आहे, आणि ती साधनं २०२५च्या पूर्वार्धातली होती. त्यामुळे १९ हा आकडा मी उराशी धरून बसणार नाही, नव्या साधनांनी तो कदाचित उलटाही होईल. त्याच्या शेजारचा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. काम संपल्यावर विचारलं, तेव्हा हेच प्रोग्रॅमर सांगत होते की एआयमुळे आपला वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला. आपल्या हातातलं, रोजचं काम हळू झालं की लवकर, हेसुद्धा घड्याळाशिवाय कळलं नाही. ‘मला तर फार उपयोग होतो’ किंवा ‘माझ्या कामात याचा काही उपयोग नाही’ ही दोन्ही छातीठोक विधानं तेव्हापासून मी सारख्याच सावधपणे ऐकतो.

माणूस आणि यंत्र यांच्यातल्या या वाटणीची खोल तपासणी वैद्यकात, विशेषतः रेडिऑलॉजीत झाली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६मध्ये सांगून टाकलं होतं की नवे रेडिऑलॉजिस्ट घडवणं आताच बंद करावं, पाचेक वर्षांत यंत्र त्यांच्या पुढे जाईल. पुढे २०२४मध्ये हिंटन यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि रेडिऑलॉजिस्टांची टंचाई तेव्हाही चालूच होती. भाकीत तंत्रज्ञानाबद्दल फारसं चुकलं नव्हतं. स्वीडनमध्ये स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीत प्रत्येक मॅमोग्राम दोन डॉक्टर स्वतंत्रपणे वाचतात. तिथे ८० हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत यंत्राने आधी जोखमीनुसार प्रतिमांची निवड केली, आणि कमी जोखमीच्या प्रतिमा एकाच डॉक्टरने पाहिल्या. वाचनाचा बोजा ४४ टक्क्यांनी उतरला, कर्करोग सापडण्याचं प्रमाण मात्र घटलं नाही, उलट थोडं वाढलंच. भाकीत चुकलं ते नोकरी म्हणजे काय याबद्दल. प्रतिमा वाचणं हा रेडिऑलॉजिस्टच्या कामाचा एक भाग आहे. कोणती तपासणी करायची, आधीच्या फिल्मशी काय जुळतं, सर्जनला फोन करून काय सांगायचं आणि रिपोर्टखाली कोणाचं नाव, हा उरलेला भाग यंत्राने उचलला नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो आपल्या जवळचा आहे. क्षयरोगाच्या प्राथमिक तपासणीत छातीचा एक्स-रे माणसाऐवजी सॉफ्टवेअरने वाचला तरी चालेल, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये केली. मुंबईच्या क्युअर डॉट एआयसारख्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं या कामात आहेत. जिथे एक्स-रेची गाडी पोचते पण रेडिऑलॉजिस्ट पोचत नाही, तिथे यंत्र कोणाची जागा घेत नाही, कारण त्या जागी कोणी नव्हतंच. शिवाय यंत्राच्या शेऱ्यावर निदान थांबत नाही, पुढे थुंकीची चाचणी असते. हा अपवाद नियम स्पष्ट करतो असं मला वाटतं. ज्याच्या पाठीमागे आणखी एक पक्की तपासणी उभी आहे, तिथे यंत्राला एकट्याने काम करू देता येतं. ज्या जागी चूक शेवटची ठरते, तिथे माणूस लागतो. आपली नोकरी साखळीत कुठे आहे, मधल्या कड्यांत की शेवटच्या, हा प्रश्न पदनामापेक्षा जास्त काही सांगून जातो.

पण शेवटच्या कडीवरचा माणूस तिथे बसून शाबूत राहतो का? ऑगस्ट २०२५मध्ये लॅन्सेटच्या पोटविकारविषयक नियतकालिकात पोलंडमधली पाहणी आली. कोलोनोस्कोपी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना आतड्यातल्या संशयास्पद गाठी दाखवणारं यंत्र मिळालं. काही महिन्यांनी, यंत्र न वापरता केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचं प्रमाण पाहिलं, तर ते यंत्र येण्यापूर्वीच्या २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं होतं. निरीक्षणावर आधारलेली ही पाहणी आहे, त्यामुळे कारण नक्की यंत्रच असं ठणकावून सांगता येत नाही. तरी वैमानिकांना हे ऐकून नवल वाटणार नाही. मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३मध्येच स्वयंचलनातला हा अंतर्विरोध मांडला होता: यंत्र सोपं काम घेतं, अवघड प्रसंग माणसावर सोडतं, आणि त्या प्रसंगासाठी लागणारा सराव मात्र सोप्या कामातूनच होत असतो. २००९मध्ये अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाचा ऑटोपायलट सुटला, गोंधळलेल्या वैमानिकांना विमान सावरता आलं नाही आणि २२८ जण गेले. त्यानंतर २०१३मध्ये अमेरिकेच्या विमान-वाहतूक प्रशासनाने कंपन्यांना सूचनाच काढली की वैमानिकांना हाताने विमान चालवण्याची संधी द्या. कार्यालयांत अशी सूचना काढणारं कोणी नसतं.

आपल्याकडे या वादात एक ठरलेला युक्तिवाद होतो. संगणक आला तेव्हाही असाच ओरडा झाला होता, काय झालं? हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण इतिहास खराच बोलका आहे, फक्त तो अर्धा सांगितला जातो. साठच्या दशकात कोलकात्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक बसू नये म्हणून इमारतीवर पहारे दिले. सरकारने स्वयंचलनावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. १९८३मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, पाठोपाठ रंगराजन समितीचा आराखडा आला. ‘लेजर पोस्टिंग मशीन’ कुठे आणि कोणत्या अटींवर येणार, हे टेबलावर बसून ठरलं. म्हणूनच बदल संथ झाला आणि नोकरीत असलेल्यांना तो पचला. हा झाला नेहमी सांगितला जाणारा अर्धा भाग. उरलेला असा: २०००–०१मध्ये सरकारी बँकांतून लाखाच्या आसपास कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले, आणि २००१मध्ये कारकुनांची भरती करणारी मंडळंच गुंडाळली गेली. कोणाला दारातून बाहेर काढलं नाही, दार लावून घेतलं. किंमत मोजली ती मोर्चात नसलेल्यांनी, त्या वेळी कॉलेजात बसून बँकेच्या परीक्षेची पुस्तकं चाळणाऱ्या मुलांनी. त्यांतल्या अनेकांना पुढे आयटीने आणि खासगी क्षेत्राने सामावून घेतलं हे खरं. पण ते बाजार वाढत होता म्हणून. यंत्र आलं की बाजार वाढतोच, असा नियम नाही. अमेरिकेत एटीएम आल्यावरही शाखा वाढल्याने कॅशियर टिकले, हे अर्थतज्ज्ञ जेम्स बेसन यांचं उदाहरण सारखं दिलं जातं. मोबाइल बँकिंग आल्यावर तिथे तीच नोकरी घसरणीला लागली, हे त्याबरोबर क्वचितच ऐकू येतं.

दार लावून घेण्याची हीच रीत आता आकड्यांत दिसू लागली आहे. स्टॅनफर्डच्या ब्रिन्योल्फसन यांच्याच गटाने अमेरिकेतल्या पगारपत्रकांचा मोठा साठा तपासून २०२५मध्ये मांडलं की एआयचा सर्वाधिक स्पर्श झालेल्या व्यवसायांत २२ ते २५ वयाच्या कर्मचाऱ्यांची संख्या इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटली. त्याच व्यवसायांतले वयाने मोठे लोक मात्र जागेवर टिकून होते. याविरुद्ध डेन्मार्कचा पुरावा ठेवावा लागेल. तिथे अँडर्स हुमलुम आणि एमिली वेस्टरगार्ड यांनी ११ व्यवसायांतल्या २५ हजार लोकांची नोंद पाहिली, तर पगार आणि कामाचे तास यांवर जवळजवळ काहीच परिणाम आढळला नाही. दोन्ही अभ्यास एकाच वेळी खरे असू शकतात. नोकरीत असलेल्यांचं काही बिघडलेलं नाही, नोकरीत येऊ पाहणाऱ्यांचं बिघडू लागलं आहे. पुण्याच्या हिंजवडीत किंवा बंगळुरात आयटी सेवांचा धंदा उभा राहिला तोच मुळी पिरॅमिडवर. खाली ‘फ्रेशर’ मुलांचा रुंद पाया, वर मोजके अनुभवी. टीसीएसने जुलै २०२५मध्ये सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले होते, आणि कंपनीने कारण एआयमुळे वाढलेली उत्पादकता नव्हे तर कौशल्यांचा मेळ न बसणं हे दिलं. म्हणजे सरळ रेषा ओढायची घाई नको. पायातला साधा कोड, साधं टेस्टिंग यंत्र करू लागलं, तर दहा वर्षांनी तो कोड तपासणारा माणूस कुठून येणार, हा प्रश्न मात्र घाईने केलेला नाही. संशोधक मॅट बीन यांनी रोबोटिक शस्त्रक्रियेच्या अभ्यासात हे आधीच पाहिलं होतं. कन्सोलवर एकटा सर्जन पुरेसा होतो, शिकाऊ डॉक्टर तासन् तास नुसता बघतो. आणि बघून सर्जन होत नाही.

इथे हुशार वाचक अडवेल: तपासण्याचं कामही उद्या यंत्रच करेल, मग या सहीचं काय? अचूकतेपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. एक यंत्र दुसऱ्याच्या चुका धरतं, आणि दर वर्षी अधिक चांगल्या रीतीने धरतं. पण सहीचा संबंध अचूकतेइतकाच उत्तरदायित्वाशी आहे. २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात चॅटजीपीटीने रचलेले, मुळात नसलेले खटले संदर्भ म्हणून सादर झाले. त्याबद्दलचा पाच हजार डॉलरचा दंड वकिलांना झाला, सॉफ्टवेअरला नाही. २०२५मध्ये डेलॉइटने ऑस्ट्रेलियन सरकारला दिलेल्या अहवालात अशाच बनावट तळटीपा निघाल्या, आणि मोबदल्याचा काही भाग परत द्यावा लागला. परत देणारी कंपनी होती. यंत्राला ना सनद असते, ना बुडण्याजोगं नाव.

याच आक्षेपाची दुसरी बाजू मला जास्त बोचते. मेडलिन एलिश या अभ्यासक स्वयंचलित प्रणालींमधल्या माणसाची तुलना मोटारीच्या त्या भागाशी करतात, जो अपघातात मुद्दाम चेपला जावा अशा बेताने बनवलेला असतो. धक्का त्याने सोसायचा, प्रणालीने सहीसलामत राहायचं. सही माणसाची, पण तपासायला वेळ नाही, अधिकार नाही, नाकारण्याची मुभा नाही, अशी नोकरी म्हणजे करिअर नव्हे, ढाल होय. बँकेतल्या ‘मेकर-चेकर’ पद्धतीत नोंद करणारा एक आणि ती पास करणारा दुसरा असतो. नोंदी सेकंदाला शंभर येऊ लागल्या आणि पास करणारा एकटाच राहिला, तर पद्धत कागदावर उरते.

म्हणून करिअर वळवताना साधनापेक्षा या अटी तपासाव्यात असं माझं मत आहे. या जागी चूक पकडली तर ती थांबवण्याचा अधिकार मला आहे का? ज्या कामाची मी तपासणी करणार, ते यंत्राशिवाय करण्याचा सराव मला इथे मिळेल का? नुकत्याच लागलेल्या लेखापरीक्षकाने काही ताळेबंद हाताने जुळवणं, नव्या प्रोग्रॅमरने आधी स्वतः कोड लिहून मग यंत्राचा शेजारी ठेवणं, हे वेळेच्या हिशेबात तोट्याचं दिसतं. वैमानिकांना हाताने उडवायला सांगणाऱ्या सूचनेचा हिशेब मात्र वेगळा होता. हे सगळं एकट्याच्या जिद्दीवर सोडता येणार नाही, ही तक्रारही रास्त आहे. दोन पाळ्या करून घर चालवणाऱ्याला ‘रोज थोडा सराव ठेवा’ म्हणणं सोपं असतं. १९८३चा बँक करार आठवावा तो इथे. अलीकडचं उदाहरण हॉलिवूडच्या पटकथालेखकांचं. १४८ दिवसांच्या संपानंतर सप्टेंबर २०२३मध्ये त्यांनी करारात लिहून घेतलं की एआयला लेखक म्हणून श्रेय मिळणार नाही, आणि लेखकाच्या हाती दिलेल्या मजकुरात यंत्राचं काही असेल तर कंपनीने ते आधी सांगायचं. एआय वापरायला करारात सरसकट बंदी नाही. नाव कोणाचं आणि मजकूर कोणाचा, हे मात्र त्यांनी ठरवून घेतलं.

भाषांतराच्या धंद्यात असा करार नाही. तिथे सध्या उलटा व्यवहार चालतो. यंत्राने केलेला मजकूर सुधारून देण्याचा शब्दामागचा दर मूळ भाषांतराच्या दरापेक्षा कमी असतो. काम अर्धं झालेलंच आहे, असं त्यामागचं गणित. ‘अवकाश प्राप्त हुआ’पाशी थांबून मूळ निकाल उघडणाऱ्या, परवानगी आणि सुट्टी यांतला फरक ठाऊक असणाऱ्या माणसाचं ते थांबणं त्या दरात कुठेच धरलेलं नाही.